एका भिंतीची कपाटं : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

अभ्यासाच्या खोलीतली एक भिंत कपाटांना द्यायची असं ठरलं. खाली तीन बंद कपाटं: दोन ६०० मिमी रुंद, दारांची, आणि एक ४०० मिमीचं, ड्रॉवरचं. सांगाडा ७२० मिमी उंच, ५६० खोल, खाली १०० मिमीचे फिरवून कमी-जास्त करता येणारे पाय. तिन्हींवर मिळून १६०० मिमीचा सलग माथा आणि माथ्यावर पुस्तकांसाठी उघडे खण. सगळी मापं मिलिमीटरमध्येच ठेवतोय. बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) जिथे अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब मागतात, तिथे इंच आणि सूत यांची सरमिसळ नको.

आराखड्यात सगळ्यात जास्त वेळ गेला पुस्तकांच्या फळ्यांवर. सारखा पसरलेला भार असला, तर फळीचा मधला बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६०० ची फळी ९०० केली की लांबी दीडपट, पण बाक पाचपट. जाडी मात्र तिसऱ्या घाताने मदतीला येते: १८ च्या जागी २५ मिमी घेतली तर बाक निम्म्याहूनही कमी होतो. जाडजूड पुस्तकांची रांग मीटरला तीस किलोपर्यंत सहज जाते, आणि ती वर्षानुवर्षं तिथेच बसून असते. सतत भार असला की लाकूड सावकाश आणखी वाकत राहतं, म्हणून पहिल्या दिवशी सरळ दिसणाऱ्या फळीवर विश्वास ठेवायचा नाही.

त्यामुळे वरचे उभे बोर्ड खालच्या कपाटांच्या सांध्यांच्या बरोबर वर येतील असं मांडलं. एकही फळी ५७० च्या पुढे जात नाही. शिवाय प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला भरीव लाकडाची ४० मिमीची पट्टी उभी चिकटवायची. भिंतभर लांब, मध्ये काही नसलेली फळी चित्रात देखणी दिसते, पण पुस्तकांसाठी ती चुकीचीच.

११ जानेवारी

आज यंत्रांचा विचार. आधी कामांची यादी केली, यंत्रांची नंतर: प्लायची मोठी शीट सरळ फाडणं, तुकडे काटकोनात कापणं, पाठीच्या प्लायसाठी खाच पाडणं, भोकं, स्क्रू, बिजागरीची वाटी (दारात बिजागरी बसवायचा गोल खळगा), घासणं. ज्या यंत्राच्या समोर यातलं एकही काम लिहिता येत नाही, ते आत्ता घ्यायचं नाही.

टेबल सॉचा, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड ढकलायच्या यंत्राचा, बराच वेळ विचार केला. सुतारकामाचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा हेच यंत्र सुचवतात, आणि एकाच रुंदीच्या पन्नास पट्ट्या काढायच्या असतील तर त्याला तोड नाही. पण माझं मुख्य काम आहे २४४० × १२२० ची शीट तोडणं. १८ मिमीची एक शीट तीस-पस्तीस किलोची. ती एकट्याने छोट्या टेबलावर ढकलायची, फेन्सला, म्हणजे बाजूच्या सरळ पट्टीला, चिकटून ठेवायची, आणि पलीकडे पडणारा भाग कुणी धरायचा? शीट किंचित तिरकी झाली की पात्याची मागची बाजू तिला पकडते आणि माल उलटा अंगावर येतो. पात्यामागचं उभं पातळ पान, रायव्हिंग नाइफ, हे टाळण्यासाठीच असतं, ते काढून ठेवणं म्हणजे वेडेपणा. बोट लागताच पातं थांबवणारी यंत्रंही आता आहेत. स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये हा ब्रेक तयार केला, तो पातं पाच मिलिसेकंदांच्या आसपास अडवतो. ही सोय चांगलीच आहे, पण शीट सांभाळण्याचा माझा प्रश्न तिने सुटत नाही.

उलट ट्रॅक सॉमध्ये शीट जागची हलत नाही, करवत हलते. ॲल्युमिनियमची रूळपट्टी आखलेल्या रेषेवर ठेवायची आणि करवत तिच्यावरून चालवायची. पट्टीच्या काठावरचं रबर पहिल्याच फेरीत करवतीच्या मापाने कापलं जातं, त्यामुळे पातं नेमकं कुठून जाणार हे रबराचा काठच सांगतो. ते रबर वरचे तंतूही दाबून धरतं. सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. साधी सर्क्युलर सॉ असेल तर चांगली बाजू खाली ठेवायची. रूळपट्टी असेल तर कामाची बाजू वर ठेवली तरी कड स्वच्छ येते.

म्हणून १६५ मिमीची, वायरची ट्रॅक सॉ. बॅटरीची घेतली नाही, कारण मी खोलीतच काम करणार, सॉकेट हाताशी आहे, आणि लांब फाडणीत बॅटरी भराभर उतरते.

यंत्राइतकाच विचार पात्याचा केला. सोबत येणारं पातं बहुतेक कमी दातांचं असतं. कमी दात तंतूच्या दिशेने भरीव लाकूड फाडायला छान, प्लायच्या आडव्या कापाला वाईट. कार्बाइडचे ४८ दात असलेलं पातं वेगळं घेतलं. मिनिटाला ५२०० फेऱ्यांना या पात्याचा काठ सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने जातो. एवढ्या वेगात बोथट दात कापत नाही, घासतो आणि जाळतो. काळपट कड दिसली की यंत्राला दोष देण्याआधी पातं पाहायचं.

ड्रिल १२ व्होल्टचं, बॅटरीचं. कपाटाच्या कामाला यापेक्षा जास्त जोर लागत नाही आणि कपाटाच्या आत हात घालून काम करताना हलकं यंत्र सोयीचं पडतं. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट यांवरून बराच गोंधळ होतो. दोन्हींमध्ये पाच लिथियम सेल एका ओळीत असतात. सेलचे ३.६ व्होल्ट धरले तर १८, पूर्ण भरल्यावरचे चार धरले तर २०. पॅक तोच. बॅटरीची खरी धाव बघायची तर व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास करावं: १८ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. बॅटऱ्या एका कंपनीच्या दुसरीला बहुधा चालत नाहीत, त्यामुळे पहिलं बॅटरीचं यंत्र निवडताना पुढची दोन-तीन यंत्रंही त्याच घरातली येणार हे गृहीत धरावं.

इम्पॅक्ट ड्रायव्हर नको. तो स्क्रूला ठोके देत पिळतो, मोठ्या स्क्रूला उत्तम, पण बिजागरीचा १५ मिमीचा स्क्रू प्लायमध्ये कधी फिरायला लागला हे कळेपर्यंत उशीर होतो. ड्रिलच्या गळ्याशी असलेली आकड्यांची कडी, म्हणजे क्लच, इथे खरी कामाची. ठरलेला जोर लागला की ती कट्कट् करून सोडून देते.

खाचा पाडायला छोटा राऊटर घेतला, ६ मिमी कोलेटचा (कोलेट म्हणजे बिट पकडणारी कडी). घासायला रँडम ऑर्बिट सँडर १२५ मिमीचा. जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची करवत, मित्राची मिळणार आहे, सॉकेटसाठी पाठीत चौकट कापण्यापुरती. या यंत्राची कूळकथा मला फार आवडते: १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीच्या आल्बर्ट काउफमन यांनी शिवणयंत्रातली सुई काढून तिथे करवतीचं पातं बसवलं.

उरलेले पैसे क्लॅम्पवर. क्लॅम्प कधीच पुरत नाहीत.

१२ जानेवारी

धूळ आणि आवाज. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. जमिनीवर दिसतो तो भुसा त्रास देत नाही. हवेत तरंगत राहणारी, न दिसणारी पूड फुफ्फुसात जाते. करवत, राऊटर आणि सँडर तिन्हींना व्हॅक्यूमचा पाइप लागेल असे जोड घेतले, तोंडाला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क. फडक्याने झाडायचं नाही, व्हॅक्यूमनेच ओढायचं.

कानांना मफ. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. करवत त्याच्या आसपासच असते.

१८ जानेवारी

प्लाय आला. प्रत्येक शीट कडेवर उभी करून लांबीने पाहिली. एक पीळ पडलेली होती, ती परत केली. पीळ असलेल्या शीटमधून छोटे तुकडे निघतात, दारं निघत नाहीत.

मग व्हर्नियरने जाडी मोजली. १८ म्हणून आलेला प्लाय १७.४ भरला, ६ म्हणून आलेला ५.६. हे नेहमीचंच आहे, पण कापायची यादी या आकड्यांवरूनच करावी लागते. ६०० च्या कपाटाचा तळ ६०० वजा ३६ म्हणजे ५६४ असं कागदावर येतं. हातातल्या प्लायने तो ६०० वजा ३४.८, म्हणजे ५६५.२. हा फरक तळाला सोसतो, ड्रॉवरला सोसत नाही.

यादी शीटवर मांडली. १२२० च्या रुंदीत ५६० चे दोन लांब पट्टे. २४४० लांबीत प्रत्येक पट्ट्यातून ७२० चे तीन तुकडे. म्हणजे तिन्ही कपाटांच्या सहाही बाजू एकाच शीटमधून, आणि तंतू उभे. पात्याची जाडी २.२ मिमी, दर कापाला तेवढं लाकूड भुशात जातं, ते धरून कडेला ९० मिमीची पट्टी सुखाने उरते. तीच माथ्याखालच्या आडव्या पट्ट्यांना. यादीत पात्याची जाडी धरली नाही तर शेवटचा तुकडा नेहमी दोन-पाच मिलिमीटर कमी पडतो.

२६ जानेवारी

कापणी. जमिनीवर थर्मोकोलचे जाड तक्ते अंथरले आणि शीट त्यांवर. पात्याची खोली शीटच्या खाली तीनेक मिलिमीटर. अशा वेळी कापलेले दोन्ही भाग आहेत तिथेच राहतात, काही लोंबत नाही, म्हणून पातं कुठेच आवळलं जात नाही.

क्रम असा ठेवला: आधी कारखान्याची एक लांब कड चार-पाच मिमी छाटून टाकायची. ती कड वाहतुकीत दबलेली असते, सरळ असेलच असं नाही. त्या नव्या कडेवरून सगळ्या रुंद्या. मग काटकोनातला पहिला काप, आणि त्यावरून सगळ्या लांब्या. काटकोन गुण्याने पाहून भागत नाही, कारण गुण्याचा हात छोटा. कडेवर ६०० आणि आडवं ८०० मोजून खुणा केल्या, तिरकं माप बरोबर १००० आलं तरच काप.

सारख्या मापाचे तुकडे एकाच बैठकीत, एकाच अटकावाला लावून कापले. सहा बाजू एकमेकींवर रचून उभ्या केल्या, बोट फिरवलं, कुठेही पायरी लागली नाही. कपाट इथेच घडतं. पुढचं सगळं काम या सहा तुकड्यांच्या सारखेपणावर उभं राहतं.

प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने नाव, पुढची कड आणि वरची दिशा लिहिली.

१ फेब्रुवारी

खाचा आणि भोकं.

पाठीचा प्लाय ५.६ चा, त्याला ६ चा बिट मारला तर पाठ खुळखुळते. ५ चा बिट लावला, एक फेरी मारली, गाईड (कडेला टेकून चालणारी राऊटरची पट्टी) ०.७ सरकवून दुसरी. खोली ६ मिमी, तीही दोन टप्प्यांत. हातातल्या राऊटरचा बिट वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून कड आपल्या बाजूला असेल तेव्हा डावीकडून उजवीकडे जायचं. मग यंत्र आपणहून गाईडला कडेवर ओढून धरतं. उलट गेलं की तेच यंत्र गाईडला कडेपासून सोडवायला बघतं आणि खाच लाटेसारखी येते.

फळ्यांच्या पिनांसाठी ५ मिमीची भोकं, पुढच्या कडेपासून ३७ वर, दोन भोकांत ३२ चं अंतर. ही मापं जगभरच्या कपाटांत चालतात. बिजागरीची पट्टीही याच ३७ च्या रेषेवर, ३२ च्या अंतरावरच्या दोन भोकांत बसते. त्यामुळे एकच पट्टीचा साचा सगळीकडे लावला. साचा प्रत्येक बाजूला तळाच्या कडेला टेकवूनच लावायचा. डावी बाजू तळाकडून आणि उजवी माथ्याकडून मोजली, तर फळी कायमची डगडगते.

८ फेब्रुवारी

जोडणी. आधी गोंद न लावता सगळं उभं केलं. मुलीने एक बाजू धरली, मी दुसरी.

सांध्यांना ७ × ५० चे जाड कन्फर्मॅट स्क्रू आणि गोंद. ज्या बाजू खोलीतून दिसणार तिथे स्क्रू नाही, ८ मिमीच्या लाकडी खुंट्या. प्लायच्या कडेत स्क्रू थेट घातला तर थर उसवतात, म्हणून आधी ५ मिमीचं भोक, बरोबर जाडीच्या मध्यावर. खुंटीला भोकाच्या तळाशी दोन मिमी जागा सोडली. ती नसली तर आत कोंडलेला गोंद सांधा पूर्ण बसू देत नाही.

गोंद लावल्यावर हाताशी पाच-सात मिनिटं असतात, म्हणून क्लॅम्प आधीच उघडून मांडलेले. ६०० च्या कपाटाचे कर्ण मोजले: एक ९३८, दुसरा ९३६. दोन्ही ९३७ च्या जवळ यायला हवेत. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर एक क्लॅम्प तिरका लावला, थोडा आवळला, पुन्हा मोजलं. ९३७, ९३७. मग पाठ सरकवली. पाठ काटकोनात कापलेली असल्यामुळे कपाट आता त्या मापातून हलू शकत नाही. सहा मिमीच्या पाठीचं हेच खरं काम. धूळ अडवणं ही वरकमाई.

सांध्यातून आलेला गोंद रबरासारखा झाला की पटाशीने उचलला. ओला असताना फडक्याने पसरवला तर तंतूंत शिरतो आणि पॉलिश त्या जागी धरत नाही.

१५ फेब्रुवारी

ड्रॉवर. ४०० च्या कपाटात आतली रुंदी ३६५.२ मोजली, तीन ठिकाणी: पुढे, मध्ये, मागे. बॉलबेअरिंगच्या चॅनेलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी लागतात. ३६५.२ वजा २५.४ म्हणजे ३३९.८. पेटी बाहेरून ३३९.५ ची केली. पेटी थोडी अरुंद असली तर चॅनेलमागे कागदी पट्टी घालून भागतं. रुंद झाली तर चॅनेल घासतो, आणि मग पेटी उघडून पुन्हा करण्याशिवाय इलाज नाही. म्हणून कपाट उभं राहिल्याशिवाय ड्रॉवरचा एकही तुकडा कापायचा नाही, हे मी आराखड्यावरच लिहून ठेवलं होतं.

चॅनेल ५०० चे. बसवताना दोन्हींखाली एकाच मापाचा प्लायचा ठोकळा ठेवला, टेप काढलीच नाही. ठोकळा दोन्ही बाजूंना सारखा असतो, नजर नसते.

२३ फेब्रुवारी

घासणं आणि पॉलिश. १२० चा कागद फक्त कडांना. प्लायच्या तोंडावर थेट १८०. वरचा लाकडी पापुद्रा इतका पातळ असतो की एका जागी सँडर जरा जास्त थांबला तर खालचा थर डोकावतो, आणि त्याला उपाय नसतो.

पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन निवडलं. पहिल्या हाताने तंतू उभे राहतात. सुकल्यावर २४० ने हलकेच घासून पुढचे हात. जवसाच्या तेलाचा विचार केला होता, रंग फार सुंदर येतो. पण ते सुकताना उष्णता सोडतं, आणि बोळा करून टाकलेली तेलकट फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ज्यांना तेलच लावायचं आहे त्यांनी फडकी मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

१ मार्च

कपाटं जागेवर. जमिनीचा सगळ्यात उंच बिंदू शोधला आणि तिथून सुरुवात. पाय फिरवून बाकीची कपाटं त्या उंचीला आणली. तिन्ही पुढच्या कडा क्लॅम्पने एकत्र आवळून मगच एकमेकांत स्क्रू.

भिंत ओळंब्यात नाही. वरपासून खालपर्यंत ९ मिमीचा फरक. कपाट ओळंब्यातच ठेवलं आणि मधली फट भरायला उभी पट्टी घेतली. पट्टी भिंतीला टेकवली, पेन्सिल एका ठोकळ्यावर धरून ठोकळा भिंतीवरून खाली घसरवला, भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा पट्टीवर उतरला. त्या रेषेपर्यंत रंधा. इथे कोणतंही वीजयंत्र रंध्याइतकं कामाचं नाही, कारण अर्धा मिलिमीटर काढायचा की पाव हे हातालाच कळतं.

पुस्तकांचे खण वर चढवले आणि मागच्या पट्टीतून भिंतीत पक्के केले. उंच, भरलेलं कपाट नुसतं टेकवून ठेवू नये, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही.

९ मार्च

दारं. रुंदी प्रत्येकी २९७, उंची ७१७. सगळीकडे ३ ची फट. ड्रॉवरची तोंडं १५१, २८०, २८०.

बिजागरीची वाटी ३५ मिमीची, केंद्र कडेपासून २२.५ वर, खोली १३. प्लाय १७.४, म्हणजे खाली उरतात ४.४, आणि वाटी पाडणाऱ्या फॉर्स्टनर बिटचं मधलं टोक तर वाटीच्याही पुढे असतं. बिटवर अटकाव लावून आधी टाकाऊ तुकड्यात भोक पाडलं, पलीकडची बाजू बोटाने चाचपली, मग दाराला हात घातला.

दारं टांगल्यावर बिजागरीचे तीन स्क्रू तीन दिशांना दार हलवतात: डावीकडे-उजवीकडे, आत-बाहेर, वर-खाली. आधी वर-खाली लावून सगळ्या दारांच्या वरच्या कडा एका रेषेत घेतल्या, नंतर मधली फट, आत-बाहेर शेवटी. फट मोजायला ३ मिमी जाडीची पट्टी दोन दारांमध्ये सरकवून पाहिली. वर आणि खाली सारख्याच ओढीने सरकते. दुसऱ्या कपाटाचं उजवं दार अजून खालच्या बाजूला किंचित आत आहे. पुस्तकं भरून भार पूर्ण आला की पायांची पातळी पुन्हा पाहीन, आणि त्यानंतरच त्या बिजागरीला हात लावीन.